मनी आपल्या पायांनी क्रेटमध्ये बसली

रानातून आलेल्या, धारा काढून टेकलेल्या, भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या जणींना आम्हा दोघी जावांचा नमस्कार. थोरली आणि धाकटी, दोघी एकाच माइकपुढे बसलोय. कोण कुठलं वाक्य बोलतंय याकडे लक्ष देऊ नका. घरातलं काम आम्ही मिळून करतो, तसंच हे बोलणंही मिळूनच.

आजचा विषय ऐकून काही जणींना हसू येईल. गटाच्या बैठकीत ते हसून झालंच आहे. विषय आहे मांजराला शिकवणं. सर्कशीतल्यासारखं नाही. हाक मारली की येणं, आपल्या जागेवर बसणं, आणि न धरता, न ओढता आपल्या पायांनी क्रेटमध्ये शिरणं. "मांजर कधी कुणाचं ऐकतं व्हय?" असं आम्हीही म्हणायचो. मग आमच्या घरी एक गोष्ट घडली आणि आम्हाला शिकवावंच लागलं.

आमच्या घरी एक गाय, पाच शेळ्या, अकरा कोंबड्या, वाघ्या कुत्रा आणि मनी मांजर. मनी आली ती बाजरीच्या पोत्यांसाठी. उंदरांनी दोन वर्षं पोती फोडली होती. मनी आल्यापासून पोत्याला भोक नाही. पण तिला कुणी कधी उचललेलं नव्हतं. ती तिच्या वाटेनं जायची, आम्ही आमच्या.

गेल्या वर्षी वैशाखात तिला रेबीजची लस टोचून आणायचं ठरलं. दवाखाना तालुक्याला. न्यायची कशी? तर पोत्यात घालून. धाकटीच्या मालकांनी तिला मागून धरली, धाकटीच्या लेकीनं पोत्याचं तोंड उघडं धरलं. पोरगी नऊ वर्षांची. मनीला रोज दूधभाकर घालणारी तीच. तिला वाटलं, आपल्याला काय करतेय मनी! पण मनी पोत्यात जाता जाता उलटली, पोरीच्या हातावर कोपरापर्यंत ओरखडे काढले, अंगठ्याला चावली आणि कौलांवर पळाली.

मैत्रिणींनो, इथं एक गोष्ट आधी सांगून घेतो, कारण ती जिवाची आहे. कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरखडलं, रक्त आलं, की जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून १५ मिनिटं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. डॉक्टर देतील त्या तारखांना सगळी इंजेक्शनं घ्यायची, बरं वाटतंय म्हणून मधली चुकवायची नाहीत. आमच्या पोरीनं सगळी घेतली.

घरी आल्यावर मामंजींनी निकाल दिला. "मारायची न्हाई, पाप लागतं. पोत्यात घालून वड्यापल्याड सोडून या." मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं. म्हणून गावाकडं मांजर मारत नाहीत, लांब सोडतात. तिथं त्याचं काय होतं ते बघायला कुणी जात नाही.

पण दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, "मांजर सोडू नका. १० दिवस नजरेखाली ठेवा. आजारी पडलं, मेलं तर लगेच कळवा." चावणाऱ्या कुत्र्याला किंवा मांजराला तेव्हा रेबीज असेल, तर त्या १० दिवसांत ते जनावर बहुतेक मरतंच. त्यासाठी पोरीची लस थांबवायची नसते, ती लगेच सुरू करायची. पण मनीवर नजर हवीच होती. म्हणजे ज्या मांजरानं पोरीला फोडलं, तेच आता डोळ्यांसमोर राहायला हवं. अशा रीतीनं मनीला १० दिवस मिळाले.

पण नजरेखाली ठेवायची कशी? ती घाबरलेली. आम्हाला बघितलं की कौलांवर. बांधून ठेवायला हात लावायचा नव्हता. मग एकच उपाय उरला, ती आपण होऊन यावी असं काहीतरी करणं. आम्ही लांबूनच सुरुवात केली.

पहिल्या दिवशी थोरलीनं स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला. काय झालं असेल? वाघ्या आला, अकराच्या अकरा कोंबड्या आल्या, एक करडू दावं ओढून आलं. मनी वरून बघत बसली. आपली चूक तेव्हा कळली. ताट-वाटी वाजली की घरातल्या सगळ्यांना वाटतं, आपलंच जेवण. ज्या घरात पाच प्रकारची तोंडं आहेत, तिथं प्रत्येकाची हाक वेगळी हवी.

मग औषधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत तुरीचे दाणे घातले, झाकण घट्ट लावलं, झाला खुळखुळा. हा आवाज आमच्या घरात दुसऱ्या कशालाच नव्हता. खुळखुळा वाजवायचा, भिंतीवर झाकणात सुकटीचा नखाएवढा तुकडा ठेवायचा आणि दहा पावलं मागं सरकायचं. मनी उतरायची, खायची, पळायची. दिवसातून तीन वेळा. पाचव्या दिवशी ती खुळखुळ्याआधीच भिंतीवर येऊन बसली.

पुढं डॉक्टर मॅडमनीच एक गोष्ट सांगितली. जपानमध्ये अत्सुको साइतो नावाच्या संशोधक बाईंनी मांजरांवर अभ्यास केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. घरातली मांजरं आपलं नाव दुसऱ्या शब्दांतून ओळखतात, अनेक मांजरं असलेल्या घरातही ओळखतात, असं त्यांना दिसलं. पण जिथं पुष्कळ मांजरं एकत्र ठेवलेली असतात आणि येणारं-जाणारं कुणीही त्यांना हाका मारतं, अशा एका चहा-कॉफीच्या दुकानातल्या मांजरांना आपलं नाव आणि शेजारणीचं नाव यातला फरक सांगता आला नाही. आम्हाला आमची वाटी आठवली. मांजराला ऐकू येत नाही असं नव्हतं. आम्हीच सगळ्यांना एका हाकेत गोळा करत होतो.

दहावा दिवस सरला. मनी धडधाकट. पोरीच्या बाबतीत जीव भांड्यात पडला. अकराव्या दिवशी मामंजी म्हणाले, "झालं न्हवं? आता सोडा." थोरलीनं काही न बोलता खुळखुळा वाजवला. शेजारच्या छपरावरून मनी आली आणि ओट्यावर बसली. आत्याबाई म्हणाल्या, "येती म्हंजी काय! भुकेली हाय म्हणून येती."

आत्याबाईंचं खरं होतं. सगळी विद्या तेवढीच आहे. १८९८ साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या माणसानं भुकेल्या मांजरांना फळ्यांच्या पेटीत ठेवलं, बाहेर खाणं ठेवलं. आतली दोरी ओढली की दार उघडायचं. मांजर आधी ओरबाडायचं, चावायचं, मग चुकून दोरी ओढली जायची. दुसऱ्या खेपेला जरा लवकर. असं होत होत शेवटी मांजर सरळ दोरीकडंच जायचं. त्याला कुणी मारलं नव्हतं, दाखवलंही नव्हतं. ज्यातून खायला मिळालं ते त्यानं पुन्हा केलं. मार बसला तर मांजर एवढंच शिकतं की हे माणूस दिसलं की पळायचं. आमच्या मनीनं पोत्यातून तेच शिकून घेतलं होतं.

आम्ही मामंजींकडं एक महिना मागितला. "महिन्यात ती आपणहून क्रेटमध्ये बसली तर ठेवायची. नाही बसली तर तुमचं ऐकू." मामंजी हसले, पण हो म्हणाले.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. घरी करून बघा.

आधी खाऊ. मांजराला गोड चव कळत नाही, तिच्या जिभेला ती नसतेच. पोरांनी गूळ दिला तर ती हुंगून निघून जाते, रुसत नाही. तिला मासा, मांस, उकडलेलं अंडं. सुकट धुऊन घ्यायची, मीठ जातं. अंडं उकडलेलं आणि टरफल काढूनच द्यायचं. कच्चं, टरफलासकट दिलं तर उद्या ती कोंबडीखाली शोधायला जाईल. तुकडा नखाएवढा. पोट भरलं की शिकवणं संपलं, म्हणून शिकवायचं ते जेवणाआधी. एका वेळी आठ-दहा तुकडे, दोन-तीन मिनिटं, बास. ती कंटाळून जायच्या आधी आपण थांबायचं.

दुसरं, "बरोबर" सांगायचा आवाज. जीभ टाळ्याला लावून "टक" करायचं. आधी टक, लगेच तुकडा. असं वीसेक वेळा झालं की मांजराला कळतं, टक म्हणजे खाऊ येणार. मग तिनं हवं ते केलं, की त्याच क्षणी टक. तुकडा द्यायला आपल्याला वेळ लागतो, तोवर ती मान वळवते, शेपूट चाटते. नेमकं कशाचं बक्षीस मिळालं ते टकमुळं तिला कळतं. परदेशात यासाठी टिचकी वाजणारी डबी मिळते. डॉल्फिनना शिकवणाऱ्यांनी शिट्टी वापरून हीच रीत चालवली, पुढं ती कुत्र्या-मांजरांपर्यंत आली. आपल्याला जीभ पुरते.

पहिला धडा हाकेचा, तो झाला होता. एक पथ्य मात्र पाळायचं. हाक मारून आली की तिला धरायचं नाही, औषध पाजायचं नाही. हाकेनं आली आणि फसली, की हाक मेली.

दुसरा धडा जागेचा. ओट्याच्या कोपऱ्यात गोणपाटाची घडी ठेवली. तिचा एक पाय घडीवर पडला, टक. दोन पाय, टक. चारही पाय, टक. मग नुसत्या उभं राहण्याला काही नाही, बसली तरच टक. मांजराला नाकाजवळचं नीट दिसत नाही, ती तिथं हुंगून शोधते. म्हणून तुकडा नाकाला चिकटवायचा नाही. नाकाच्या जरा वर, डोक्यामागं हळूच न्यायचा. मान वर जाते आणि बूड आपोआप टेकतं.

आणि इथंच वाघ्याची अडचण आली. टक वाजलं की तो शेपूट हलवत मधे. मनी फिस्स करून माळ्यावर. दोन दिवस असंच गेलं. मग आमच्या ध्यानात आलं की एकाला शिकवायचं तर दुसऱ्यालाही काम द्यावं लागतं. वाघ्याची जागा कडुनिंबाखाली केली. सुरुवातीला त्याला बांधलं. धाकटी वाघ्यापाशी, थोरली मनीपाशी. वाघ्या बसून राहिला की त्याला भाकरीचा तुकडा, मनी बसून राहिली की तिला सुकट. त्याला टक नाही, "शाब्बास". चार-पाच दिवसांत दोघांना कळलं की दुसऱ्याकडं बघत बसण्यात काही मिळत नाही. घरात दोघी असण्याचा हा फायदा. एकटी असाल तर आधी कुत्र्याला पोटभर घालून बांधा, मग मांजराकडं वळा. आणि मांजराला चढून बसायला उंच जागा मोकळी ठेवा, माळा म्हणा, कोनाडा म्हणा. पळायला वाट असली की ती पळत नाही.

कोंबड्या खुराड्यात आणि शेळ्या रानात असताना शिकवायचं. पिल्लं असतील तर ती डालग्याखालीच. हे पक्कं ध्यानात ठेवा. मांजराला जागेवर बसायला शिकवलं, म्हणजे पिल्लू बघून तिचं मन हलणार नाही असं नाही. शिकार तिच्या अंगात आहे, त्यासाठीच तर आपण तिला पाळली. पिल्लांची राखण डालग्यानं करायची, मांजराच्या शहाणपणावर सोडायची नाही.

तिसरा धडा क्रेटचा. पोतं आम्ही कायमचं बाद केलं. टोमॅटोचे दोन प्लास्टिक क्रेट घेतले. एक सरळ, त्यावर दुसरा पालथा, कडेनं सुतळी. झाली हवेशीर पेटी. आधी एकच क्रेट आडवा ठेवला, आत मनी झोपते ते जुन्या लुगड्याचं फडकं. चार दिवस नुसता ठेवला. मग तोंडाशी तुकडा, मग आत, मग पार मागं. मग क्रेट सरळ केला, ती उडी मारून आत. मग वर दुसरा क्रेट क्षणभर टेकवायचा आणि काढायचा. मग पाच आकडे मोजेपर्यंत. मग वीस. मग उचलायचा. मग फाटकापर्यंत.

हे ऐकायला सरळ वाटतं. पण अठराव्या दिवशी आम्हीच माती केली. महिना संपत आला म्हणून आम्हाला घाई झाली. धाकटीच्या मालकांनी क्रेट धाडदिशी ठेवला, सुतळी आवळली आणि मोटारसायकल चालू केली. आत मनी वेडीपिशी. सोडली तर दोन दिवस खुळखुळ्यालाही आली नाही. पाच दिवस क्रेटकडं फिरकली नाही. रडू आलं आम्हाला. पण तिचं काही चुकलं नव्हतं. दहा पायऱ्यांचा जिना आम्ही एका उडीत चढायला लावला होता. पुन्हा पहिल्या पायरीपासून, तोंडाशी तुकडा. गाडी लांब उभी करून नुसती चालू करायची आणि मनीला सुकट द्यायची. रोज दोन पावलं जवळ.

तेव्हा एका रात्री भांडी घासताना थोरली म्हणाली, "आपल्याला भाकरी कशी शिकवली गं?" धाकटी म्हणाली, "उलथन्यानं." दोघी हसलो. पण खरंच, पहिली गोल भाकरी जमली तेव्हा कुणी शाब्बास म्हटल्याचं आठवत नाही. करपलेलीच आठवते.

आता पोरीचं सांगायचं राहिलं. हे सगळं चाललं होतं तेव्हा ती उंबऱ्याच्या आत उभी राहून बघायची. बाहेर यायची नाही. रात्री दचकून उठायची. मनी दिसली की हात पाठीमागं लपवायची. आम्ही तिला एकदाही "ये गं" म्हटलं नाही. मांजराच्या बाबतीत जे शिकलो तेच, ओढायचं नाही. पहिल्यांदा ती उंबऱ्यावर बसली. मग आतूनच टक करायला लागली. तिचं टक आमच्यापेक्षा खणखणीत. मग एका संध्याकाळी तिनं आपण होऊन खुळखुळा मागितला.

वाजवला. मनी आली, गोणपाटावर बसली. पोरीनं टक केलं, तुकडा हातानं दिला नाही, झाकणात ठेवून पुढं सरकवला. मनीनं खाल्ला. पोरगी आमच्याकडं बघून म्हणाली, "तिला पण भ्या वाटलं हुतं का गं, आई, त्या दिवशी?" धाकटीला उत्तर द्यायला जमेना. थोरली म्हणाली, "व्हय बाळा. तुमा दोघींनाबी."

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी मामंजी ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. पोरीनं खुळखुळा वाजवला. मनी भिंतीवरून उतरली, वाघ्याच्या समोरून चालत आली, क्रेटमध्ये उडी मारली आणि फडक्यावर बसली. वरचा क्रेट धाकटीनं ठेवला, सुतळी थोरलीनं बांधली. मांडीवर क्रेट घेऊन गाडीवरून तालुक्याला. मनी ओरडली नाही असं नाही, ओरडली. पण कुणाला ओरखडा नाही. लस टोचून झाली. परत आल्यावर क्रेट उघडून आधी सुकट, मग तिला हवं तिकडं. मामंजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारातून त्यांनी आणलेल्या पिशवीत पावशेर सुकट होती. आमच्या घरात मामंजी सुकट खात नाहीत.

पुढं पिल्लं न होण्याचं ऑपरेशनही करून आणलं, त्याच क्रेटमधून. आता दरवर्षी लस. डॉक्टर मॅडमनी त्या वेळी दोन गोष्टी बजावल्या, त्या तुम्हालाही सांगतो. एक, कुत्र्याच्या किंवा शेळ्यांच्या गोचिडाचं औषध मांजराला विचारल्याशिवाय लावू नका, त्यातली काही मांजराला विषारी असतात. दुसरी, ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीच देऊ नका. एका गोळीनंही मांजर मरू शकतं.

आणखी एक. लस न दिलेल्या, भेदरलेल्या मांजरावर हे प्रयोग मुलांच्या हातात देऊ नका. आम्ही पोरीला एकटं सोडलं नाही, कायम एक जण शेजारी असायची. कान मागं, शेपूट आपटायला लागली, की त्या दिवसाचं शिकवणं बंद.

काचेपलीकडून ताई वेळ संपल्याचं खुणावतायत. शेवटचं सांगतो. रात्री पाऊस आला, लाइट गेली, की आता मनीला शोधत भिजावं लागत नाही. पोरगी दारात उभी राहून खुळखुळा वाजवते. अंधारातून आधी वाघ्याच्या गळ्यातली साखळी वाजते, तो कडुनिंबाखाली जाऊन बसतो. मग मनी येते, ओले पाय झटकत गोणपाटावर बसते. पोरगी टक करते.

तुमच्या घरी रिकामी बाटली आणि चार तुरीचे दाणे असतीलच. करून बघा, आणि काय झालं ते गटाच्या बैठकीत सांगा. हसलं कुणी तर हसू द्या.

नमस्कार.